खाणीवरची अँटेना

आश्विन महिना, दिवाळीआधीचा रविवार, कोवळी उन्हं. गोव्यातल्या लाटंबार्शाच्या वरचा डोंगर. हजर: मी, दिलीप, मारुती. गैरहजर: काशिनाथभाऊ, ज्यांच्यासाठी आम्ही वर चढलो होतो.

ही हजेरी गेल्या वर्षीची. यंदाचा आश्विनही उतरणीला लागलाय. डोंगरावरचं करड, म्हणजे रानगवत, वाळून पिवळं पडलंय, खाली मळ्यांत कापणीची यंत्रं घरघरतायत, आणि दुपारच्या उन्हाला पेंढ्याचा तो गोडसर, घशात खवखवणारा वास सुटलाय. डिचोलीच्या बाजारात नरकासुराचे मुखवटे टांगलेत. मी इथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. ऋतू पालटला की डोक्यात कामांची यादी आपोआप उलगडते. पत्र्याच्या भेगांना डांबर, जनेलांच्या बिजागऱ्यांना तेल, दिवाळीच्या फोवांसाठी, म्हणजे पोह्यांसाठी, गूळ. यंदा यादी उलगडली, तर पहिल्याच ओळीवर गेल्या वर्षीचं काम जागचं न हलता बसलेलं.

आम्ही हॅम रेडिओवाले. सरकारी परवाना काढून, निव्वळ हौसेनं बिनतारी बोलणारे. मोबाइलच्या काळात हे कशाला, असं विचारणाऱ्यांना मी पूर्वी समजावून सांगत असे, आता चहा देते. आमच्या हातातल्या लहान सेटांचा आवाज डोंगर ओलांडत नाही. म्हणून उंचावर एक रिपीटर बसवलेला असतो. तो खालचा बारीक आवाज ऐकतो आणि त्याच क्षणी मोठ्यानं सगळ्यांना सांगतो. आमचा रिपीटर त्याच डोंगरावर, पाण्याच्या टाकीशेजारच्या सिमेंटच्या खोलीत आहे आणि त्याची अँटेना बाजूच्या लोखंडी मनोऱ्यावर. रोज संध्याकाळी सातला मी त्यावरून हजेरी घेते. एकेकाचं नाव पुकारायचं, तो ‘हजर’ म्हणतो, दोन शब्द पावसापाण्याचे, की पुढचं नाव. शेवटी विचारायचं, आणखी कोणाला काही सांगायचं आहे का. मग सवयीनं बराच वेळ थांबायचं, कारण काहींना बोलायचं असतं पण सुरुवात सुचत नाही.

काशिनाथभाऊ हरमलचे. होड्यांवरचे रेडिओ दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पेडण्यात एका शाळेच्या व्हरांड्यात रविवारी ते आम्हाला मोर्स शिकवत. मोर्स म्हणजे लांब-आखूड ठोक्यांची लिपी. चहाच्या चमच्यानं ते मेजावर ठोके देत आणि आम्ही अक्षरं ओळखायची. दिलीप नेहमी चुके. भाऊ म्हणत, “रे, हात घाबरता, कान घाबरना. पयलीं कानाक शिकय.” मग खिशातून पिशवीत बांधलेला गरम उंडो काढून, तोडून सगळ्यांना वाटत. अजूनही भाजलेल्या पावाचा वास आला की माझ्या कानात ठोके सुरू होतात.

मग भाऊंना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. डाव्या हाताचा अंगठा तेवढा त्यांचं ऐकत राहिला. त्या अंगठ्यावर त्यांनी हजेरी चालू ठेवली. मी नाव पुकारलं की ते सेटचं बटण दोनदा दाबत. रिपीटरवर दोन हलके खटके ऐकू येत, टक्, टक्, आणि मी म्हणे, “भाऊ हजर.” त्यांची सून रेश्मा पाहुण्यांना खोल्या भाड्यानं देते आणि घर एकटी ओढते. सासऱ्यांना ती मामा म्हणते. तिनं मला एकदा सांगितलं, “शैलाबाय, दिसभर कितलेंय बोलयलें तरी मामा खाटीवयल्यान उठना. सात वाजूंक आयले काय कदेलाक बोट दाखयता.” व्यायाम शिकवायला येणारी मुलगीही तेच म्हणाली होती. कदेलावर, खुर्चीवर, ताठ बसणं हाच त्यांचा खरा व्यायाम, तो सुटला की सगळं सुटेल.

आणि गेल्या वर्षी मेमध्ये मनोऱ्यावर वीज पडली. रिपीटर वाचला, अँटेना उभी फाटली. पावसात मनोऱ्यावर कोणी चढत नाही. पाच महिने भाऊ सातला कदेलावर बसून नुसता खरखराट ऐकत होते.

नवी अँटेना मागवली होती, ती येता येईना. तेवढ्यात दिलीपनं ही आणली. तो पूर्वी खाणीच्या वाहतूक कचेरीत होता. खाण बंद पडली तेव्हा तिथल्या बिनतारी यंत्रणेचं सामान एका शेडमध्ये जाऊन पडलं. ट्रक थांबले, सामानावर तांबडी धूळ बसली, आणि त्या धुळीत फायबरचा हा लांबलचक पांढरा दांडा, सोबत काळ्या जाड केबलची गुंडाळी.

“चकाचक आसा गो,” दिलीप ओल्या फडक्यानं तो पुसत म्हणाला. “खाण मेली, पूण हिका कांय जावंक ना.”

“ही कमर्शिअल पट्ट्याची आहे. आपला पट्टा खाली.”

“कितलो खाली? दोन घरां सोडून शेजारी. शेजाऱ्याचो कोट घालून लग्नाक वचूंक येता न्ही?”

“बाह्या आखूड होतात.”

“फोटोत कोण पळयता बाह्यो!”

मी हसले. तसं पाहिलं तर तो चुकीचं बोलत नव्हता. अँटेना बासरीसारखी असते, लांबी ठरली की सूर ठरला. खाणी, टॅक्सीवाले, कारखाने ज्या पट्ट्यावर बोलतात तो आमच्याहून जरा वरच्या सुरातला, म्हणून त्यांच्या अँटेनांच्या आतले तुकडे आमच्या मापानं आखूड. तरी आमच्यासारखे लोक अशा जुन्या अँटेना हौसेनं वापरतात. काही तशाच चालतात, काहींचे तुकडे लांबवावे लागतात. ही मात्र फायबरच्या नळीत कायमची बंद होती. आत हात घालायला वाव नाही. वर बसवायची, मोजायचं, आणि सुई काय म्हणते ते पाहायचं.

वर चढला मारुती. तो बेळगावकडचा, मोबाइलच्या मनोऱ्यांवर चढण्याचं काम करणारा. कमरेला पट्टा, खांद्यावर दोर, पायात रबरी चपला, बूट नाहीत म्हणून मी ओरडले तर म्हणे, “बूट घातलं की पायाला दिसत नाही वो ताई.” अर्ध्यावर जाऊन त्यानं खाली पाहिलं. “एवढ्याशा काठीला तीन माणसं आणलाय की तुम्ही!”

“तूं काम कर, आमी पळयतां,” दिलीप ओरडला. “पळोवपाकय माणूस जाय मरे.”

आमच्याभोवती वाळकं करड सळसळत होतं. खाली लाटंबार्शाचे मळे अर्धे कापलेले, अर्धे उभे. डाव्या हाताला खाणीनं खरवडलेला डोंगर, त्याच्या खड्ड्यात साठलेलं हिरवट पाणी. पश्चिमेला धुकटात पेडणं, त्यापलीकडे हरमलच्या मागचं पठार, आणि पठाराआड भाऊंचं घर. पठार दिसत होतं, घर दिसणं शक्यच नव्हतं. दांडा वर ताठ उभा राहिला तेव्हा मला तो देवळापुढच्या खांबासारखा वाटला.

मग खोलीत जाऊन मोजलं. सेट आणि केबल यांच्यामध्ये एक मीटर लावतात. अँटेनेला आपला सूर मानवला नाही तर वर पाठवलेली शक्ती परत फिरते आणि सुई उठते. आमची सुई शून्यापाशी झोपून होती. पुन्हा पाहिलं. झोपलेलीच. दिलीपनं खोलीत दोन पावलं फुगडीची टाकली. “पळय! म्हज्या कोटाचें बटणसुद्दां बदलूंक पडलें ना!”

त्या संध्याकाळी हजेरीला साखळी गावची माणसं खणखणीत, डिचोली खणखणीत, लाटंबार्शाचा मास्तर तर शेजारच्या खोलीत बसल्यासारखा. मी म्हटलं, “काशिनाथभाऊ.” थांबले. घराबाहेर रातकिडे, कोणाच्या तरी अंगणात नरकासुराचा सांगाडा बांधताना बांबू फोडल्याचा आवाज. रिपीटरवर काही नाही. पुन्हा पुकारलं. काही नाही.

रेश्माला फोन केला. ती म्हणाली, “आयकता गो ताका! बारीक आयकता, पूण आयकता. तुवें ताचें नांव घेतलें तशी मान हालयली. बटण दोन फावट दामलें. हांव सरशींच आसां.”

म्हणजे आमचा आवाज त्यांच्यापर्यंत जात होता. रिपीटर जोरदार, त्यांचा सेट लहान. त्यांचा खटका मात्र आमच्याकडे येत नव्हता. मग दोष कुठे असणार? अँटेनेत नाही, कारण सुई झोपलेली. मग हरमलला.

तो सगळा हिवाळा मी आणि दिलीप हरमलला फेऱ्या मारत राहिलो. समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर बांबू आणि झावळ्यांचे शॅक उभे राहत होते, स्कूटरींची रांग, सुक्या बांगड्याचा आणि डासांच्या उदबत्तीचा मिसळलेला वास. आम्ही भाऊंची बॅटरी बदलली. वायर बदलली. त्यांची छोटी अँटेना माडावरून काढून फणसावर बांधली, फणसावरून पुन्हा माडावर. एक परदेशी पाहुणा खालून विचारत होता, याच्यामुळे वायफाय सुधारेल का. दिलीपनं त्याला सांगितलं, मासे मिळतील. भाऊ कदेलावरून हे सगळं पाहत. आम्ही निघालो की ते डाव्या हातानं माझं मनगट धरत आणि सोडत.

परतताना एकदा दिलीप हळूच म्हणाला, “शैला, अंगठ्यांत बळ उरूंक ना आसतलें. बटण पुराय बसना.”

मला ते पटलं. सुईपेक्षा अंगठ्यावर शंका घेणं सोपं होतं. मी रेश्माला सांगितलं, त्यांना बटण घट्ट, जास्त वेळ दाबायला शिकव. ती शिकवत राहिली. माघाच्या थंडीत मी गेले तेव्हा भाऊंच्या अंगठ्याला पाणी भरलेला फोड होता. रेश्मा दारात उभी होती, हातात पाहुण्यांच्या चादरींचा गठ्ठा.

“तुमचें यंत्र बरें, तुमची काठी बरी,” ती म्हणाली, “आमचो मामाच तितलो वायट?”

भाऊंनी अंगठा मुठीत लपवला.

त्या दिवशी संध्याकाळी हजेरीत त्यांचं नाव आलं. मी थांबले, काही ऐकू आलं नाही, आणि मी म्हटलं, “ऐकलं, भाऊ. हजर.” स्टोअरमध्ये जो माल डोळ्यांनी पाहिला नाही तो आवक म्हणून मी कधी लिहिलेला नाही, साहेबांनी सांगितलं तरी नाही. इथे मी न ऐकलेलं ऐकलं म्हणून लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. आठवड्यानं रेश्माचा फोन आला. अंगठ्याचा फोड सुकलाय, आता हलकंच दाबतात, जेवतातही बरे.

केबलचं गुपित त्यानंतर फुटलं. मार्चमध्ये दिलीप खोलीतलं टोक नव्यानं जोडायला बसला. काळं साल सोलताच आतून पाणी ठिबकलं. तांब्याची जाळी हिरवी पडलेली. कित्येक पावसाळे त्या केबलीनं पोटात घेतले होते. लांबी बेताची, पण वर जाणारी शक्ती ती वाटेतच पीत होती, आणि अँटेनेनं नाकारलेली जी काही थोडी परत फिरे तीही पीत होती. खाली मीटरला काहीच परत येताना दिसत नव्हतं. पंगतीतून उष्टी ताटं आली नाहीत म्हणून सगळे पोटभर जेवले असं आम्ही धरलं होतं. ताटं मुळात पोचलीच नव्हती.

मारुतीला बोलावून नवी केबल टाकली, तशी सुई ताडकन उठली. दिलीप कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसला. आवाज वाढला, पण हरमल कोरडंच. नळीत एकावर एक ठेवलेले तुकडे परक्या सुरात एकमेकांशी ताल धरत नाहीत, आणि लहर क्षितिजाकडे सरळ न जाता खाली कलते. पाटाचं पाणी बांध फुटून जवळच्याच खाचरात शिरावं तसं. म्हणून लाटंबार्शाचा मास्तर एवढा खणखणीत होता. त्याच्या अंगणात हरमलचा वाटा पडत होता.

यावर उपाय आहे, आणि तो अवघड नाही. आमच्या मापाच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून मी आणि दिलीपनं साधी अँटेना बनवली. जमिनीवर तपासली, यावेळी कोरड्या आखूड केबलीनं. ती माझ्या बलकांवात, पुढच्या ओसरीत, भिंतीला टेकून, जुन्या साडीत गुंडाळलेली उभी आहे. वर चढवायची तेवढी राहिली. मारुती पवनचक्क्यांच्या कामावर कर्नाटकात गेला. फोनवर म्हणतो, “दसऱ्याला येतो की ताई, गावाला येणारच हाय.” दसरा गेला. दुसरे दोघे आणले, त्यांनी मनोऱ्याचे पाय ठोकून पाहिले, गंजाच्या खपल्या हातात घेऊन मला दाखवल्या आणि निघून गेले. डोंगराचा तो भाग आता कोणी घेतलाय. वाटेवर फाटक आलंय, फाटकावरचा माणूस रोज नवा असतो आणि प्रत्येकाला रिपीटर म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगावं लागतं. दिलीपच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तो हजेरीला येतो, पण विनोद करत नाही. साखळीचे दोघे हजेरीतून सुटले. नावं पुकारायला पूर्वीपेक्षा कमी वेळ लागतो.

मी कामाची बाई आहे. एखादी गोष्ट होत नसेल तर तिचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा उरकायचा, हे मला जमतं. या कामाचे मी तुकडे केले, प्रत्येक तुकडा उरकला, आणि सगळे मिळून काहीच झालेलं नाही. कधी वाटतं, आमची सगळी पिढीच अशी आहे. खाणीनं टाकलेलं उचललं, पुसलं, उभं केलं, सुईकडे पाहून टाळ्या वाजवल्या. ज्या टोकाला पोचायचं होतं त्या टोकाला जाऊन पाहिलं नाही. गेलो तेव्हाही त्याच टोकाला दोष द्यायला गेलो.

परवा दुपारी रेश्माचा फोन आला. पाहुण्यांचा मोसम सुरू झालाय, मागे बादल्यांचा आवाज.

“शैलाबाय, एक विचारूं? मामा हें कितें करता? हजेरी जाली काय पयलीं दोन फावट दामतालो. आतां पावस सुरू जाल्यापासून बटण दामीतच रावता. लांब, आखूड, लांब. तूं शेवटाक विचारता न्ही, कोणाक सांगपाचें आसा काय, तेन्ना. हांवें म्हळें, तुका कळटा आसतलें. तूं ‘ऐकलं’ म्हणटा म्हण हांवें विचारलें ना.”

मी म्हटलं, व्हिडिओ पाठव.

तिनं त्या संध्याकाळच्या हजेरीचा पाठवला. कदेलाचा हात, भाऊंचा बारीक झालेला पंजा, सेटचा लाल दिवा. बटण दाबलं की दिवा लागतो. रेश्मानं चित्रण उशिरा सुरू केलंय, ते बोलत होते त्याच्या मध्येच. पण दिवा स्पष्ट दिसतो, आणि भाऊंचा हात अजून व्हरांड्यातल्या चमच्यासारखाच चालतो, अक्षरामागून अक्षर, घाई नाही. रोमन लिपीत कोंकणी. मला कागद घ्यावा लागला नाही.

“...म्हणून तुका सांगतां. रेश्माक सांगूं नाका. दिवाळे आदीं कर.”

दिवा विझतो. त्यानंतर सेटमधून, खरखरीतून, बारीक पण अगदी समजेल असा माझाच आवाज येतो: “सगळ्यांचं ऐकलं. नोंद घेतली. नमस्कार.” भाऊ मान हलवतात, सेट मांडीवर ठेवतात आणि जनेलाबाहेर पाहतात. किती तरी दिवसांत मी त्यांचा चेहरा इतका निवांत पाहिला नव्हता.

पावसाळाभर ते माझ्याशी बोलत होते. मी ऐकते, असं मीच त्यांना रोज सांगितलं होतं. जी गोष्ट त्यांनी सुनेपासून लपवून माझ्यावर सोपवली ती त्या वाक्याच्या आधी, कुठल्या तरी संध्याकाळी, लाल दिव्यात येऊन गेली. औषध बंद करायचं आहे, कोणाला भेटायचं आहे, काही लिहून द्यायचं आहे, कोणाची माफी मागायची आहे, मला माहीत नाही. रेश्माला विचारता येत नाही. त्यांना विचारायचं तर आधी सांगावं लागेल की भाऊ, मी एकदाही ऐकलेलं नाही. मग उद्या सातला ते कदेलाकडे बोट दाखवतील की नाही, कोण जाणे. न विचारावं तर दिवाळी येईल, जाईल, आणि शैलानं ऐकून केलं नाही, एवढंच त्यांच्याजवळ उरेल.

काल सातला मी हजेरी घेतली. शेवटी विचारलं, आणखी कोणाला काही सांगायचं आहे का. थांबले. रिपीटरची बारीक सुरसुर चालू होती. मी तोंड उघडलं, पण ‘ऐकलं’ म्हणवलं नाही. ‘ऐकलं नाही’ असंही म्हणवलं नाही. सेट बंद केला.

आज रविवार. हरमल तासाभराच्या वाटेवर आहे. कामं सगळी उरकलीत, गाडी अंगणात काढून ठेवलीय. त्यांच्यासमोर बसायचं, हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, भाऊ, पहिल्यापासून सांगा. एवढंच करायचं आहे. दुपार कलली, मी अजून निघालेले नाही.